पेटीतलं सर्टिफिकेट बाहेर काढा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत विहाराचा इतिहास सांगायचा प्रघात आहे. तो आमच्या आधीच्या वक्त्यांनी चांगला सांगितला. विटा कुणी वाहिल्या, पत्रे कुणी दिले, मूर्ती कशी आली, हे सगळं झालं. त्यामुळे आम्ही त्यात पडत नाही. आम्ही आज नर्सबाईंवर बोलणार आहोत. कुणाला वाटेल, विहारात हा काय विषय? शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

यंदा वर्गणीसाठी आणि वस्तीच्या माहितीसाठी समितीची माणसं घरोघर फिरली, त्यात आम्हीही होतो. फॉर्मवर एक रकाना होता, शिक्षण. बाईला विचारलं की ती आधी म्हणायची, "मी घरीच असते." आम्ही विचारलं शिक्षण, ती सांगते घर. पुन्हा विचारलं की मग हळूच, जणू काही गुन्हा कबूल करतेय अशा आवाजात, "नर्सिंग झालंय. पण आता काय त्याचं." एकीचं जनरल नर्सिंग, दुसरीचं तेव्हाचा दीड वर्षाचा ए.एन.एम. कोर्स, तिसरी एका म्युनिसिपल इस्पितळात चार वर्षं बदलीवर काम केलेली. एक नाही, दोन नाही, आपल्या एवढ्याशा वस्तीत अशा पाच-सहा घरांत सर्टिफिकेटं पेटीत पडलेली आहेत. कपड्यांच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. ज्या मुलींच्या शिक्षणासाठी आई-बापांनी ओव्हरटाइम मारला, पतपेढीचं कर्ज काढलं, त्यांची ही सर्टिफिकेटं.

का सोडलं, हे आम्ही विचारलं. उत्तरं ऐकून नवल वाटलं नाही. बाळंतपण झालं, मूल सांभाळायला कुणी नाही. सासूला लकवा झाला. नवऱ्याची गिरणी बंद पडली, मालाडची-परळची खोली विकली, बदलापूरला नाहीतर विरारला गेले; सकाळी सातची पाळी गाठायची तर पाचच्या आधी घर सोडायचं, आणि मूल कुठं ठेवायचं? नाईट लागली की घरात कुरबूर. रात्री बाहेर राहणारी बाई म्हणून शेजाऱ्यांचं कुजबुजणं वेगळंच. शिकलेल्या बाईचा पगार घरात सगळ्यांना हवा असतो, तिची नाईट मात्र कुणाला नको असते.

बाबासाहेबांनी याचा विचार १९२८ सालीच केला होता. मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या बिलावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे १९६१ चा मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट आला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आता ही पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून लागते, आणि आपल्या भगिनी काम करतात ते नर्सिंग होम असतं बारा-पंधरा माणसांचं. म्हणजे पाळणाघर कायद्यात आहे, मूल मात्र शेजारणीकडे.

गिरणीत आम्ही त्रासनखात्यात होतो. तिथं खाडा हा शब्द फार. चार दिवस खाडा झाला तर मुकादम विचारायचा, महिना झाला तर नाव धोक्यात. या भगिनी स्वतःच सांगतात, "चौदा वर्षांचा खाडा आहे हो, मला कोण घेणार?" आम्ही त्यांना उलटा प्रश्न केला. सासू अंथरुणाला खिळलेली होती तेव्हा दर दोन तासांनी तिची कूस कोण बदलत होतं? पाच वर्षं पडून राहिलेल्या म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही, ते कुणामुळे? नाकातल्या नळीतून जेवण कोण देत होतं, लघवीची पिशवी कोण रिकामी करत होतं, शेजारच्या साखरेच्या पेशंटला इंजेक्शन द्यायला रात्री-अपरात्री कुणाला हाक मारत होते? हे सगळं कामच होतं. मस्टरवर नाव नव्हतं आणि पाकीट हातात येत नव्हतं, इतकंच.

भन्ते समोर बसलेले आहेत, काही चुकलं तर ते सांगतील. विनयपिटकात महावग्गामध्ये एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासांतून फिरत होते. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडलेला दिसला. जवळ कुणी नाही. तथागतांनी विचारलं, तुझी सेवा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी दुसऱ्या भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. बघा, केवढं वाक्य आहे ते. पुढे आनंदाने पाणी आणलं, भगवंतांनी ओतलं, आनंदाने धुतलं, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

आपण ही गोष्ट वंदनेनंतर ऐकतो आणि घरी जातो. त्याच ठिकाणी पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिलेले आहेत. औषध तयार करता यावं. काय दिलं तर बरं आणि काय दिलं तर वाईट, ते कळावं. लोभाने नव्हे, मैत्रीने करावं. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस नसावी. आणि वेळोवेळी चार चांगले शब्द बोलून आजाऱ्याचं मन उभारावं. यातला कुठला गुण चौदा वर्षं घरी बसल्यामुळे जातो? पहिल्या दोघांना उजळणी लागते. बाकीचे तीन तर वाढतात.

मलमूत्राची किळस नसावी, हे तथागत अडीच हजार वर्षांपूर्वी बोलले. आणि या देशात काय झालं? घाण ज्याच्या हाताला लागेल तो खालचा, असं ठरवून टाकलं. बेडपॅनला हात लावायचा म्हणून मोठ्या घरच्या मुली या धंद्याकडे वळत नव्हत्या. ख्रिश्चन भगिनींनी हे काम पहिल्यांदा अंगावर घेतलं, त्यांचे उपकार विसरता कामा नयेत. क्रांतिज्योती सावित्रीमाईही यात पुढे होत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तेव्हा त्यांचं वय पासष्ट-सहासष्ट होतं. आपल्या भगिनी पंचेचाळिशीत म्हणतात, वय झालं.

आता एका ताईंची हकिकत सांगतो. त्या या सभेत बसलेल्या आहेत, त्यांनी नाव घेऊ नका म्हटलं म्हणून घेत नाही. चौदा वर्षांनंतर गेल्या वर्षी त्या एका खाजगी इस्पितळात कामाला लागल्या. पहिल्या दिवशी वॉर्डात गेल्या आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पायच उचलेनात. ओव्हर घेताना रात्रीची सिस्टर जे बोलली त्यातलं निम्मं कळलं नाही. पाऱ्याचं थर्मामीटर गेलेलं. बी.पी.चं यंत्र आपोआप फुगतं. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा. चार्ट कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. इनचार्ज सिस्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी.

सलाईनचंच घ्या. ताई शिकल्या तेव्हा हातातल्या घड्याळावर थेंब मोजायचे. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची आणि सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे त्यांना झोपेतून उठवलं तरी येत होतं. आता तिथे पंप. पंपाला थेंब समजत नाहीत, त्याला ताशी १२५ मिली असं सांगावं लागतं. ताईंना पंपाची बटणं येईनात म्हणून तरुण मुली हसल्या. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पंप बिघडला, दुसरा वॉर्डात नव्हता. मुली गोंधळल्या. ताईंनी साधा सेट लावला, घड्याळ बघितलं आणि थेंब जुळवून दिले. त्या रात्रीपासून त्यांनी मुलींना थेंब शिकवले आणि मुलींनी त्यांना बटणं. आमच्याकडेही नव्या मशिनी आल्या तेव्हा असंच झालं होतं. मशीन धागा तोडते, पण तुटलेला धागा पकडायला जुनीच बोटं लागतात.

पण जुनं सगळंच चालत नाही, हेही नीट समजून घ्या. काही गोष्टी मुद्दाम विसराव्या लागतात. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी श्वासमार्ग मोकळा करा, श्वास द्या आणि मग छाती दाबा, असं पूर्वी शिकवत. २०१० पासून तो क्रम बदलला. मोठ्या माणसाच्या बाबतीत आधी छाती दाबायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि ३० दाबांमागे २ श्वास. जिने जुना क्रम घोकलेला आहे तिचे हात त्या घाईच्या वेळी जुन्याच क्रमाने जाणार. म्हणून सराव पाहिजे, पुतळ्यावर, दहा वेळा, वीस वेळा.

तसंच कचऱ्याचं. सुई-सिरिंज उकळायची, किंवा सगळं एकाच बादलीत टाकायचं, ते दिवस गेले. २०१६ च्या नियमाप्रमाणे रक्त-पू लागलेले कापूस-पट्ट्या पिवळ्यात, नळ्या-पिशव्यांसारखं प्लास्टिक लालमध्ये, काचेच्या बाटल्या निळ्यात, आणि सुया-ब्लेड पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. यात चूक झाली तर सुई टोचते कुणाला? कचरा उचलणाऱ्याला. आणि तो कचरा उचलणारा कुठल्या वस्तीतून येतो, हे या सभेत सांगायची गरज नाही. म्हणून आपल्या भगिनींनी हे रंग पाठच करावेत. आणि कामावर रुजू होताना हेपेटायटिस बी ची लस मागून घ्या. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लाजायचं काम नाही.

त्याच ताईंना एका वयस्कर पेशंटने विचारलं, सिस्टर, तुमचं आडनाव काय? औषध हातात, पाण्याचा ग्लास पुढे केलेला. ताई म्हणाल्या, "सिस्टर हेच आडनाव. गोळी घ्या." पेशंटने घेतली. हा किस्सा त्यांनी हसत सांगितला. आम्ही हसलो नाही.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण सगळी गाडी इथंच अडते. नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ज्यांनी केलं नाही त्यांना विलंब शुल्क भरून ते करावं लागतं, आणि निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. हे तास म्हणजे तेवढ्या वेळाची व्याख्यानं, कार्यशाळा. त्यांची प्रमाणपत्रं जपून ठेवायची. देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलने आधारशी जोडलेला एक नंबर देण्याची पद्धतही आणली आहे. २०२३ साली संसदेने नर्सिंगचा नवा कायदा केला, त्यात १९४७ च्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोगाची तरतूद आहे. तेव्हा नियम बदलतील तसे लक्ष ठेवावं लागणार.

इथं बायकांची एक खास अडचण आहे, ती पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि आपल्यात तर कित्येकांनी मधल्या काळात आडनावंही बदलली. म्हणजे एकाच बाईची कागदावर तीन माणसं! लग्नाचा दाखला नाही, कारण लग्न विहारात लागलं, नोंदणी कुणी केली नाही. मग राजपत्रात नाव छापून घ्या, प्रतिज्ञापत्र करा, खेपा घाला. तरुण मित्रांनो, तुमच्या लग्नाची नोंदणी आधी करा, डीजेची सुपारी मग द्या.

सरकारी इस्पितळात कायम नोकरी हे आपलं जुनं स्वप्न. पण महाराष्ट्रात सरकारी भरतीची वयोमर्यादा साधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. मुलं मोठी होऊन बाई मोकळी होते तेव्हा हे दार बंद झालेलं असतं. मग उरतं कंत्राट आणि खाजगी. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा नर्स मिळेना म्हणून कंत्राटावर भराभर घेतल्या, टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. साथ ओसरली, कंत्राटं संपली. बदली कामगार म्हणजे काय हे गिरणगावाला नव्याने सांगायला नको. इंग्लंडमध्ये मधला काळ घरी गेलेल्या नर्सला परत आणण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम असतो, वॉर्डात सराव करून घेतात. इथं फी भरा, कागद द्या आणि मग वॉर्डात तुमचं तुम्ही बघा, असाच अनुभव आमच्या बघण्यात आला. आमची मागणी अशी की म्युनिसिपल आणि सरकारी नर्सिंग शाळांनी परत येणाऱ्या भगिनींसाठी तीन महिन्यांचा उजळणी वर्ग विद्यावेतनासह चालवावा, आणि तो केलेल्यांना वयात सवलत द्यावी. नर्स कमी म्हणून ओरड करायची आणि शिकलेली नर्स घरी बसवायची, हा कुठला हिशेब? इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या इस्पितळात ३ पेशंटमागे १ नर्स आणि साध्या इस्पितळात ५ मागे १ असं आहे. तुम्ही कुठल्याही जनरल वॉर्डात रात्री जाऊन मोजून या.

पगाराचं बोललं की इस्पितळवाले म्हणतात, ही तर सेवा आहे. मघाशी आम्ही सांगितलं की तथागतांनी लोभाने करू नका असं म्हटलं. तेच वाक्य मालक आपल्या तोंडावर मारेल. त्याला सांगा, भिक्खूला विहार होता आणि भिक्षापात्र होतं. नर्सला खोलीचं भाडं आहे आणि रेल्वेचा पास आहे. लोभ वेगळा आणि मजुरी वेगळी. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की २०० च्या वर खाटा असतील तिथे नर्सला राज्य सरकारी नर्सच्या बरोबरीने पगार द्यावा. १०० च्या वर असतील तर १० टक्क्यांहून अधिक कमी नको. ५० ते १०० ला २५ टक्क्यांहून अधिक कमी नको. आणि ५० च्या आतल्या इस्पितळातही २० हजारांच्या खाली नको. ही शिफारस आहे, मिळवून घेतल्याशिवाय मिळत नाही. ताईंना पहिल्यांदा जो आकडा सांगितला तो याच्या निम्माही नव्हता. "एवढा गॅप आहे, शिकवून घेतो, तेच खूप समजा." शिवाय मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्यायला बघत होते. ताईंनी झेरॉक्स दिली आणि उठून आल्या. दुसऱ्या ठिकाणी लागल्या, तिथेही पगार फार नाही, पण मूळ कागद घरात आहे आणि पगाराची चिठ्ठी हातात मिळते. भगिनींनो, मूळ कागद कुणाला ठेवायला देऊ नका. काम सोडायचं स्वातंत्र्य त्या कागदात असतं.

आणि ते ब्युरोवाले. घरी पेशंट सांभाळायला बाई पाठवतात, बारा तासांची ड्यूटी, कमिशन कापून घेतात. शिकलेली आणि न शिकलेली, दोघींना एकाच दरात. ते काम हलकं आहे असं आम्ही म्हणत नाही, कित्येक घरं त्यावर चालतात. पण जिच्याकडे नोंदणी आहे तिने तिथेच अडकून बसू नये.

आता पुरुष मंडळींना दोन शब्द. ताई नाईटला जातात तेव्हा त्यांचे यजमान भाकऱ्या करतात. पहिल्या महिन्यात त्या भाकऱ्यांवर चाळभर विनोद झाले. आता होत नाहीत, कारण भाकऱ्या सुधारल्या. सकाळी दमून आलेल्या बाईला झोप पाहिजे. घरात टीव्ही बंद, भांडी हळू. आठ तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, पेशंट उचलून कंबर जाते. पंचेचाळीस-पन्नाशीत अंगात होणारे बदल वेगळेच. हे समजून न घेता नुसतं "जा, मिळव" म्हणणं म्हणजे घरातच मालक होणं.

महिला मंडळाशी बोलून समितीने ठरवलं आहे की येत्या रविवारपासून दुपारी चार ते सहा या वेळात विहारात या कामासाठी टेबल मांडायचं. नोंदणीचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरून द्यायला आपली दोन मुलं बसतील. येताना सर्टिफिकेट, गुणपत्रिका, जुनं नोंदणीपत्र, आधार, लग्नाचा दाखला असेल तर तो, आणि दोन फोटो आणावेत. ताई त्यांच्या सुट्टीच्या रविवारी येतील आणि थेंब-मिलीचा हिशेब, कचऱ्याचे रंग, छाती दाबायची रीत शिकवतील. त्यासाठी पुतळा लागतो, तो आपल्याकडे नाही. तोपर्यंत एक घट्ट उशी चालेल असं त्या म्हणतात. ज्यांच्याकडे असेल त्यांनी जुनी उशी विहारात आणून द्यावी. पोरं सांभाळायची जबाबदारी त्या दोन तासांत मागे दारात उभ्या असलेल्या मित्रांची.

जयभीम. नमो बुद्धाय.